कोकणच्या हवेत वाईनला ग्लास कुठला घ्यायचा?

सुरंगी

सुट्ट्यांचा सीझन जवळ आला की ओळखीतले लोक आणि इकडे घर बांधून राहायला आलेले मुंबई-पुण्याचे शेजारी हमखास हे विचारतात, की वाईनचे ग्लास घ्यायचेत, कुठले घेऊ. ऑनलाईन बघायला गेलं तर बोर्दोचा वेगळा, बर्गंडीचा वेगळा (ही दोन्ही फ्रान्समधल्या वाईनच्या प्रदेशांची नावं), व्हाईटचा वेगळा, शॅम्पेनची फ्लूट म्हणजे उंच अरुंद ग्लास वेगळा, पोर्टचा छोटा वेगळा, आणि प्रत्येकाचा सहाचा सेट. मी बरीच वर्षं हॉटेलात सर्व्हिसला होते, आता रत्नागिरीजवळ राहते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. जाणकारांनी भर घाला, पटलं नाही तर तसंही सांगा.

माझं म्हणणं आधीच सांगते. आपल्याकडे किनाऱ्यावर आकाराच्या आधी तापमान बघायचं. दांडीचा, पोटात फुगीर आणि तोंडाशी आत वळलेला, ३५० ते ४०० मिलीचा एकच ट्यूलिप ग्लास घ्या, तो रेड, व्हाईट, रोझे, स्पार्कलिंग सगळ्याला चालतो. बाकीचे सेट युरोपातल्या थंड जेवणघरांचा विचार करून केलेले आहेत.

आता का ते. वाईनची चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बहुतेक नाकाने कळतं. ग्लासचं पोट रुंद असलं की वाईनला पसरायला जागा मिळते, जरा गोल फिरवली की वास सुटतो, आणि तोंड पोटापेक्षा अरुंद असलं की तो वास वर साठून राहतो. साध्या सरळ पाण्याच्या ग्लासात तो साठत नाही, आला तसा निघून जातो. हे नुसतं सांगोवांगी नाही. २०१५ मध्ये टोकियोत कोहजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या टीमने अल्कोहोलची वाफ दिसेल असा कॅमेरा वापरून वेगवेगळे ग्लास तपासले. १३ अंश सेल्सियस तापमानाच्या वाईनला वाईनच्या ग्लासात अल्कोहोलची वाफ काठाकाठाने कड्यासारखी गोळा झालेली दिसली आणि मधे ती कमी होती, म्हणजे नाक मधे घातलं तर अल्कोहोलचा झटका न बसता वाईनचा वास मिळतो. मार्टिनीच्या ग्लासात आणि सरळ ग्लासात ते कडं दिसलं नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की वाईन जास्त गरम असली तर वाईनच्या ग्लासातही ते कडं राहिलं नाही. आता एप्रिल-मेमध्ये आपल्या ओटीवर संध्याकाळी काय तापमान असतं बघा, आणि महागातला ग्लास घेऊन त्यात तीस अंशांवरची रेड ओतली तर तो ग्लास काय करणार ते तुम्हीच सांगा.

---

जांभा

मस्त धागा, वाचतोय. मला एक विचारायचंय, रेड रूम टेंपरेचरला प्यायची असं सगळेच सांगतात, बाटलीवरही कधी लिहिलेलं असतं, मग फ्रीजमध्ये ठेवायची का? आमच्या चिपळूणला मेमध्ये रूम म्हणजे ३४-३५ असतं. आणि दुसरं म्हणजे मी वाचलं होतं की ग्लासच्या आकाराने वाईन जिभेच्या अमुक भागावर पडते, पुढे गोड, बाजूला आंबट, मागे कडू, म्हणून वेगवेगळे आकार. ते खरं आहे का?

---

सुरंगी

@जांभा, रूम म्हणजे तिकडच्या जुन्या दगडी घरांतली रूम, १६ ते १८ अंशाची. त्यामुळे आपल्याकडे रेड पिण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवायचीच, त्यात काहीही चुकीचं नाही. व्हाईट ८ ते १० अंशाला, स्पार्कलिंग ६ ते ८. ग्लासात आल्यावर ती आपल्या हवेत भराभर चढते, म्हणून दोन-तीन अंश खालीच काढलेली बरी.

जिभेच्या नकाशाचं म्हणाल तर तो नकाशा चुकीचा आहे. हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाचा १९०१ चा लेख होता, त्याने जिभेच्या कडांवर संवेदनशीलतेत थोडा थोडा फरक दाखवला होता, पुढे १९४२ मध्ये बोरिंगच्या पुस्तकातल्या आलेखाने तो फरक फार मोठा वाटायला लागला आणि तिथून तो शाळेच्या पुस्तकांत गेला. प्रत्यक्षात सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. त्यामुळे जो विक्रेता जिभेचा नकाशा दाखवून ग्लास विकतो त्याच्याकडून त्या कारणासाठी घेऊ नका. ग्लासचा आकार नाकासाठी आणि गारव्यासाठी बघायचा. काठ किती पातळ आहे त्याने ओठाला आणि घोटाला फरक पडतो, तेवढं मी मान्य करते.

---

खाडीकाठ

माझा अनुभव वाऱ्याचा. आमचं घर खाडीच्या तोंडाशी आहे, संध्याकाळी गच्चीत बसलं की खारा वारा असा येतो की पसरट तोंडाच्या ग्लासात वास म्हणून काही उरतच नाही, सगळा वारा घेऊन जातो. तोच ग्लास आत माजघरात नेला की वाईन एकदम वेगळी लागते. तेव्हापासून बाहेर बसायचं असेल तर मी अरुंद तोंडाचा उंच ग्लास घेतो आणि आत बसायचं असेल तर कुठलाही. अजून एक, वाऱ्याने हलके दांडीचे ग्लास आडवे होतात, म्हणून घरातल्यांचं म्हणणं की बिनदांडीचे बुटके घ्या. तुमचं काय मत?

---

सुरंगी

@खाडीकाठ, वाऱ्याचा मुद्दा एकदम बरोबर, हा कुठल्याच पुस्तकात मिळत नाही कारण पुस्तकं बंद खोलीत बसून लिहिलेली असतात. बाहेर बसणाऱ्यांनी तोंड किती अरुंद आहे ते नक्की बघावं.

बिनदांडीच्या ग्लासाला मात्र माझा विरोध आहे आणि तो आपल्या हवेमुळेच. हात ३०-३२ अंशाचा, काच पातळ, आणि आत ९ अंशाची व्हाईट, हातात धरून गप्पा मारल्या की दहा-पंधरा मिनिटांत तिचा गारवा गेलेला असतो. शिवाय दमट हवेत गार ग्लासाला बाहेरून घाम सुटतो, बुटका ग्लास हातातून निसटतो आणि बोटांचे ठसे उमटतात. दांडी हवी ती याच्यासाठी. वाऱ्याला उपाय म्हणजे दांडी आखूड आणि बूड रुंद असलेला ग्लास घ्यायचा, असे मिळतात, हॉटेलांना विकतात त्यातले बरेच तसेच असतात. अगदी वाळूत किंवा होडीवर न्यायचे असतील तर बिनदांडीचे चालतील, तिथे काच फुटून कोणाच्या पायात जाण्यापेक्षा ते बरं, पण मग थोडी थोडी ओता.

ओतायचं प्रमाण हे खरं तर ग्लासाइतकंच महत्त्वाचं. हॉटेलात १५० मिली देतात म्हणजे ७५० च्या बाटलीचे पाच. आपल्याकडे घरी ७५-८० मिलीच ओतावी, ती गार असतानाच संपते, बाटली परत फ्रीजमध्ये नाहीतर बर्फात. ग्लास अर्धाही भरायचा नाही, जिथे पोट सगळ्यात रुंद आहे त्याच्या खालीच थांबायचं, नाहीतर वर वास साठायला जागाच राहत नाही आणि फिरवली की कपड्यांवर.

---

तिरफळ

जेवणाचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे वाईन बहुतेक वेळा माशांबरोबरच येते आणि लोक हौसेने रेड काढतात, कारण रेड म्हणजे भारी असा समज. तळलेल्या बांगड्याबरोबर कडक रेड घेतली की तोंडात एक लोखंडी, हिवस (मासळीच्या उग्र वासासारखी) अशी चव राहते आणि मग मासा ताजा नव्हता का असं वाटायला लागतं. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी हे शोधलंय, वाईनमधल्या लोहामुळे होतं ते, लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की शिंपल्यांबरोबर ती हिवस चव जास्त लागते असं त्यांना दिसलं. कुठल्या वाईनमध्ये लोह किती ते बाटलीवर लिहिलेलं नसतं, रेडमध्ये साधारण जास्त सापडतं एवढं लक्षात ठेवायचं.

तर मुद्दा असा की हे ग्लास बदलून जात नाही. माशांबरोबर गार सॉव्हिन्यॉ ब्लांक ही व्हाईट घ्या, आपल्या नाशिकची चांगली असते, तिच्यात आंबटपणा असतो म्हणून कोकमाच्या आमटीसमोर आणि सोलकढीसमोरही ती टिकते, नाहीतर आंबट जेवणापुढे मऊ वाईन पाण्यासारखी लागते. कोलंबीचं सुकं, तिसऱ्या वगैरे तिखट असेल तर शेनिन ब्लांक ही व्हाईट, थोडी गोडसर असते त्यातली. तिखटावर जास्त अल्कोहोलवाली वाईन जळजळ वाढवते, तो अनुभव सगळ्यांना असेलच. या दोन्हींना सुरंगीताई म्हणतात तो मधला ग्लास पुरतो, उलट जरा छोटा, ३०० चा असला तर जास्त चांगला, कारण गार राहते.

---

पिवळा_सोनटक्का

मी थोडं विरोधात लिहिणार आहे. एकच ग्लास सगळ्याला चालतो हे सोयीसाठी ठीक आहे पण खरं नाही. माझ्याकडे मोठा बर्गंडीचा फुग्यासारखा ग्लास आहे आणि त्यात पिनो न्वार (बर्गंडीची रेड) जी लागते ती तुमच्या ट्यूलिपमध्ये लागत नाही. हे आकार उगाच आलेले नाहीत, ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेलने १९५८ मध्ये बर्गंडी ग्रां क्रूचा ग्लास केला, तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे, आणि १९७३ मध्ये त्याने द्राक्षाच्या जातीप्रमाणे अख्खी मालिका काढली. त्याच्या आधी लोक सगळं एकाच आकाराच्या छोट्यामोठ्या ग्लासांत पीत होते आणि नक्षीकाम बघत होते. पातळ, साधी, बिननक्षीची काच आणि वाईनप्रमाणे पोट, ही त्याची देणगी आहे, ती अशी उडवून लावू नये.

---

सुरंगी

@पिवळा_सोनटक्का, उडवून लावत नाहीये. बिननक्षीची पातळ काच ही त्याची देणगी मलाही फार मोठी वाटते, रंग दिसला पाहिजे आणि ओठाला काच जाणवली नाही पाहिजे, तिथून पुढे सगळं. पिनो न्वारचा वास नाजूक असतो, त्याला रुंद पोट लागतं, जुन्या बर्गंडीला तर नक्कीच, आणि तुम्ही एसी लावलेल्या खोलीत बसून पीत असाल तर तुमचा ग्लास योग्यच आहे.

पण आपल्याकडे लोक पितात ती बहुतेक नाशिकची शिराझ, कॅबरने, अकलूजकडची सांजोव्हेझे असलेली ब्लेंड, म्हणजे उघड्या वासाच्या तरुण रेड. त्यांना त्या फुग्यात ओतलं तर रुंद पृष्ठभागामुळे आपल्या हवेत लवकर तापतात आणि अल्कोहोल आधी वर येतं, फळाचा वास मागे राहतो. म्हणून मी इथे राहणाऱ्याला तो पहिला ग्लास म्हणून सांगणार नाही. दुसरा म्हणून घ्या, जागा आणि पैसे असतील तर, आणि रेड १५-१६ ला ओता म्हणजे १८ ला पोचेपर्यंत पिऊन होते.

ज्यांना फक्त चाखून शिकायचंय त्यांच्यासाठी एक स्वस्त पर्यायही आहे. १९७७ मध्ये आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चाखण्याच्या ग्लासाचं माप ठरवलं, एकूण साधारण २१५ मिली, पोट ६५ मिलीमीटर, तोंड ४६ मिलीमीटर, आणि ओतायची फक्त ५० मिली. वाईन तपासणारे लोक जगभर वर्षानुवर्षं सगळ्या वाईन त्याच एका ग्लासात तपासत आलेत. जेवणाला तो लहान वाटतो पण आकाराचं गणित कळायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही.

---

दर्यादौलत

बरां लिवलंस गो ताई. माका एक इचारूचा आसा, आमच्याकडे वेंगुर्ल्याक वाईनपेक्षा फेणी जास्त, पावणे इले की तीच काढतत. ती वाईनच्या ग्लासात चलात काय? आणि गोव्याची पोर्ट आणतत ती खयच्या ग्लासात दिवची?

---

सुरंगी

@दर्यादौलत, फेणीला वाईनचा मोठा ग्लास नको. तिच्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, मोठ्या पोटात अल्कोहोल एवढं साठतं की नाक घालवत नाही आणि काजूबोंडाचा तो खास वास दबतो. छोटा ट्यूलिप, १२०-१५० मिलीचा, त्यात ३० मिली, आणि नाक काठाच्या आत न घालता थोडं वरून घ्यायचं. २००९ मध्ये काजूच्या फेणीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, इतका मान असलेली गोष्ट लोक प्लॅस्टिकच्या ग्लासात देतात याचं मला वाईट वाटतं. उराक (काजूच्या रसाची पहिल्यांदा गाळलेली दारू) मात्र हलकी, ती उंच ग्लासात बर्फ, लिंबू आणि मिरची घालूनच छान, तिथे आकाराचा विचार करू नका.

गोव्याची पोर्ट आणि पोर्तुगालची पोर्ट वेगळी. तिकडच्या पोर्टमध्ये फर्मेंटेशन अर्ध्यावर द्राक्षाची दारू घालून थांबवतात, म्हणून ती गोड राहते आणि १९ ते २२ टक्क्यांची होते. तिला फेणीचाच छोटा ट्यूलिप. गोव्याची गोड पोर्टही त्यातच द्या, पण थोडी गार करून, गरम असली की नुसती साखर लागते.

---

अबोली२

नाताळला स्पार्कलिंग आणणार आहोत, दिंडोरीची. फ्लूट घेऊ की ते सिनेमातले पसरट असतात ते? आणि माझ्या जुन्या फ्लूटमध्ये कधी बुडबुडे खूप येतात कधी अजिबात नाही, वाईन तीच असते, हे का होतं?

---

सुरंगी

@अबोली२, पसरट कूप दिसायला सुंदर पण त्यातून गॅस पटकन उडतो आणि वासही, बाहेर वाऱ्यात तर विचारूच नका. फ्लूटमध्ये गॅस टिकतो पण तोंड इतकं अरुंद की वर कार्बन डायऑक्साईड साठून नाकाला टोचतो, मूळ वास कळत नाही. फ्रान्सच्या रँसमध्ये जेरार लिजे-बेलेर यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलंय, ग्लासाच्या वरच्या हवेत किती गॅस जमतो तेसुद्धा मोजलंय. म्हणून परत तोच ट्यूलिप, मधला. ओतताना ग्लास तिरका धरून बियरसारखी कडेने ओता, गॅस कमी जातो.

बुडबुड्यांचं कारण काचेत नसून धुण्या-पुसण्यात आहे. बुडबुडा तयार व्हायला आत हवा अडकलेला बारीक तंतू किंवा ओरखडा लागतो, बहुतेक वेळा तो कापडाचा किंवा हवेतला सेल्युलोजचा तंतू असतो. अगदी निर्मळ, गुळगुळीत ग्लासात बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत, म्हणूनच काही ग्लासांच्या तळाशी मुद्दाम लेझरने टिंबं कोरतात. तुम्ही सुती फडक्याने पुसता तेव्हा तंतू राहतात आणि बुडबुडे येतात, उपडा ठेवून वाळवता तेव्हा कमी. आणि साबणाचा अंश राहिला तर वरचा फेस बसतो.

---

जांभा

धुण्याचा विषय निघालाच आहे तर पावसाळ्यात काय करता? आमच्या कपाटातले ग्लास काढले की कुबट वास येतो, धुतले तरी वाईनमध्ये तो जाणवतो असं बायको म्हणते आणि तिचं नाक माझ्यापेक्षा तयार आहे.

---

सुरंगी

@जांभा, वहिनींचं बरोबर आहे, आणि माझ्या मते कोकणात वाईन बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आकार वगैरे त्याच्या फार नंतर. जून ते सप्टेंबर लाकडी कपाटात बुरशी धरतेच. ग्लास उपडा ठेवला की फळीचा वास आत कोंडतो आणि जितका ग्लासाचा आकार चांगला तितका तो वास जास्त चांगला पकडून ठेवतो, शेवटी वास धरून ठेवणं हेच त्याचं काम. म्हणून ग्लास उभे ठेवायचे, वर स्वच्छ सुती कापड टाकायचं, धूळ आणि पाली दोन्हींपासून बचाव. आलेल्या खोक्यातच ठेवून देऊ नका, पुठ्ठा ओल धरतो आणि तो वास तर अजिबात जात नाही. टांगायचा स्टँड असेल तर तो स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेवर नको, तेलाचा थर बसतो.

धुताना मासळीच्या भांड्यांबरोबर कधीच नाही, घासणी वेगळी. लिंबाच्या वासाचा साबण टाळा, बिनवासाचा अगदी थेंबभर, आणि भरपूर गरम पाण्याने विसळा. विहिरीच्या पाण्याचे लालसर किंवा पांढरे डाग राहत असतील तर थोडं व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी फिरवा आणि परत साध्या पाण्याने. पुसताना एका हातात बूड आणि दुसऱ्या हाताने पोट पिळू नका, दांडी तिथेच मोडते, पोट धरूनच पोट पुसा. आणि वाईन ओतायच्या आधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. काहीही वास आला तर थोडी वाईन आत फिरवून ओतून टाका, मग भरा. हॉटेलात चांगल्या बाटलीला आम्ही हे दर वेळी करायचो.

---

खाडीकाठ

बर्फाचं एक सांगतो, ग्लासात बर्फ टाकण्यापेक्षा बादलीत अर्धा बर्फ अर्धं पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा, नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होते, लाईट गेलेली असली तरी काम भागतं. जेटीवरून बर्फ आणलात तरी मासळीचा थर्माकोलचा खोका वापरू नका, बाटलीला आणि हातांना वास लागतो.

---

अबोली२

ठरलं मग, ट्यूलिपच घेते. काच कुठली बघू? दुकानात क्रिस्टल म्हणून सांगतात आणि किंमत डबल. आणि पाहुणे धरून आठ-दहा जण असतो आम्ही.

---

सुरंगी

जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असायचं, २४ टक्के किंवा जास्त लेड ऑक्साईड, आता चांगल्या कंपन्या शिशाऐवजी बेरियम, झिंक, टायटॅनियम वगैरे वापरतात. दुकानदाराला लेड-फ्री आहे का एवढं विचारा. आजीच्या काळातला नक्षीचा जड सेट असेल तर प्यायला ठीक, पण त्यात वाईन रात्रभर ठेवू नका. साधी सोडा-लाईम काचही चालते, फक्त काठ बघा. काठावरून बोट फिरवा, जाडसर गोल मणी लागला तर तो वितळवून गोल केलेला काठ, टिकाऊ असतो पण घोट जाड येतो. सरळ कापून घासलेला पातळ काठ असेल तर तो घ्या. पोट नखाने टिचकी मारून वाजवत बसायची गरज नाही, वाजण्यावरून वाईन ठरत नाही.

दहा माणसं असाल तर बारा घ्या, आणि अशा मॉडेलचे घ्या जे पुढच्या वर्षीही सुटे मिळतील, फुटतात त्यात काही वाद नाही. मुंबईहून आणणार असाल तर प्रत्येकाच्या पोटात वर्तमानपत्राचा बोळा आणि दांडीला वेगळं गुंडाळा, गाडीत उभे ठेवा. आल्याबरोबर धुवा, छापील कागदाचाही वास लागतो.